‘काही होणार नाही’ हे वाक्य आधी बंद करा

पत्र:

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून भाग ओतायच्या कारखान्यात, मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. आयटीआय करून इथंच मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) लागलो, इथंच वाढलो. कंपनीचे आणि ठेकेदाराचे मिळून सत्तरएक लोक माझ्या हाताखाली आहेत. आमचा बहुतेक माल डिझेल इंजिनाचा: फ्लायव्हील हाउसिंग, मॅनिफोल्ड, ब्रॅकेट. मोठ्या गिऱ्हाइकाचं शेड्यूल, म्हणजे ठरलेली मागणी, महिन्याला २५० टनांवरून १६० वर आलंय. सेकंड शिफ्ट आठवड्याआड रिकामी असते. धाकटे मालक नवी मोल्डिंग लाइन टाकून ब्रेक ड्रम आणि हबच्या कामात जायचं म्हणतात. थोरले, म्हणजे त्यांचे वडील, म्हणतात, आत्ता कर्ज नको. ठरलेलं काहीच नाही, आणि मला बजावलंय की फ्लोअरवर एक शब्द बोलायचा नाही. तिकडं रोज नवी बातमी: कंपनी विकली, कर्नाटकात चालली, रोबो येणार. दोन चांगले मोल्डर सोडून गेले. परवा कोअरशॉपमधल्या (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनतात तिथल्या) एक मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, “साहेब, पोरीला इंजिनिअरिंगला घालायची हाय. साठवलेलं फीला घालू का हातात ठेवू? नोकरी ऱ्हातीया न्हवं?” मी म्हणालो, “काही होणार नाही मावशी, बिनघोर राहा.” तेव्हापासून मला धड झोप नाही. मलाच माहीत नाही, तर या लोकांना धीर कसा देऊ? आणि खरं सांगायचं तर, मी स्वतः दुसरीकडं बघावं का?

उत्तर:

नमस्कार,

मावशींना तुम्ही जे उत्तर दिलंत ते वाईट हेतूनं दिलं नाहीत, हे पत्रातच दिसतं. समोरच्या माणसाचा उतरलेला चेहरा बघवत नाही, आणि तोंडातून ‘काही होणार नाही’ निघून जातं. पण त्यांनी धीर मागितलाच नव्हता. त्यांनी माहिती मागितली होती, कारण त्यांना एका रकमेचा निर्णय घ्यायचा आहे. तुमच्या शब्दावर विसंबून त्यांनी साठवलेले पैसे भरून टाकले आणि चार महिन्यांनी काम कमी झालं, तर भोगावं त्यांच्या घराला लागेल. म्हणून पहिली विनंती ही की ते वाक्य आजपासून बंद करा. मावशींकडे तुम्हाला परत जायचंच आहे. ते कसं, ते पुढे सांगते.

तुम्ही विचारलंत, मलाच माहीत नसताना धीर कसा देऊ. कोल्हापूरच्या माणसाला याचं उत्तर दर पावसाळ्यात मिळतं. पंचगंगा किती चढणार हे कुणालाच ठाऊक नसतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कुठल्या रात्री उघडतील तेही आधी सांगता येत नाही. तरी माणसं कामधंदा करतात, रात्री झोपतात, कारण नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी त्यांना वेळच्या वेळी कळत असते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे शाळकरी पोरालाही पाठ असतं, आणि कुठल्या फुटाला कुणी हलायचं हेही माहीत असतं. नदीकाठच्या सुतारवाड्यातली कुटुंबं बोचकी बांधतात, चिखली-आंबेवाडीतले लोक जनावरं घेऊन निघतात. २०१९ ला पाणी सगळ्यांच्या अंदाजाबाहेर चढलं, तुमच्या शिरोलीजवळ हायवे दिवसच्या दिवस बंद राहिला. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा लोकांनी आकडा कितीतरी लवकर मनावर घेतला. पुढे काय होणार हे यातल्या कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. आज पाणी कुठं आहे, पुढचा आकडा किती वाजता कळेल आणि अमुक फुटाला काय करायचं, एवढंच लोकांच्या हातात होतं, आणि तेवढ्यावर ते वागू शकले.

तुमच्या फ्लोअरवर आज या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही. म्हणून अफवा. त्याबद्दल लोकांवर रागावू नका. सेकंड शिफ्ट रिकामी दिसते, स्क्रॅपची गाडी पूर्वीसारखी येत नाही, धाकटे मालक कुणा पाहुण्यांना घेऊन शेडमधून फिरतात. दिसतंय ते जोडून लोक गोष्ट तयार करतात. शिवाय या शहरानं शाहू मिल या कापड गिरणीचा भोंगा बंद पडलेला पाहिलाय. ‘कारखाना बंद पडतो’ ही तुमच्या कामगारांच्या घरात कुणीतरी भोगलेली किंवा जवळून पाहिलेली गोष्ट असते. तुम्ही गप्प राहिलात की त्यांना तेच आठवतं.

पण फ्लोअरवर जायच्या आधी मालकांकडे जा. त्यांना डावलून एक शब्दही बोलू नका. तुम्ही बरोबर असलात तरी उद्या तुमची खुर्ची हलेल, आणि लोकांच्या बाजूनं बोलणारा जो एक माणूस वर बसतो तोही जाईल. थोरले आणि धाकटे दोघांना एकत्र गाठा. हे महत्त्वाचं आहे. बापलेकांचं एकमत नाही आणि दोघं तुमच्याशी वेगवेगळं बोलतात, असं पत्रावरून वाटतं. असं चाललं तर खाली येताना तुमच्या खिशात दोन कंपन्या असतात, आणि लोकांना त्या तुमच्या चेहऱ्यावर दिसतात. डिस्पॅच आटोपल्यावर अर्धा तास मागून घ्या आणि साधं बोला: “साहेब, दोन मोल्डर गेले. तिसराही जाईल. पगार कमी म्हणून ते जात नाहीत, इथं काय चाललंय ते कळत नाही म्हणून जातात. आपण काही बोललो नाही तरी टपरीवर सगळं बोललं जातंय, आणि आहे त्यापेक्षा वाईट बोललं जातंय. मला थोडं बोलायची मुभा द्या. काय बोलायचं ते आपण आत्ताच ठरवू.”

थोरले म्हणतील, बातमी बाहेर गेली की बँक प्रश्न विचारेल आणि गिऱ्हाईक दर पाडेल. ही भीती खरी आहे, तिला उडवून लावू नका. कर्जाची बोलणी, दर, नव्या गिऱ्हाइकाचं नाव हे फ्लोअरचे विषयच नाहीत. ते झाकून ठेवायचं कबूल करा. पण महिन्याचं टनेज झाकून काय उपयोग? रोज किती बॉक्स भरले आणि भट्टीच्या किती हीट (खेपा) निघाल्या हे मोल्डरला तुमच्या आधी ठाऊक असतं. जे सगळ्यांना दिसतंय ते तरी आपल्या तोंडानं सांगू द्या, एवढंच मागा.

दुसरं, निर्णय झाला नसेल तर निर्णयाची तारीख मागा. ‘नव्या लाइनचं बघू’ आणि ‘नव्या लाइनचं दिवाळीच्या बोनसआधी काय ते ठरवू’ यात कामगाराच्या दृष्टीनं फार फरक आहे. पहिल्यात तो रोज वाट बघतो, दुसऱ्यात दिवाळीपर्यंतची आखणी करू शकतो. बापलेकांनाही त्या तारखेचा उपयोग होईल, कारण न ठरवणं हे किती महिने चालू आहे ते त्यांच्या लक्षात येतंच असं नाही.

तिसरी गोष्ट शांतपणे, पण ठाम सांगा. जे सांगू नको म्हणाल ते मी सांगणार नाही. कुणी विचारलं तर ‘हे मला सांगता येत नाही’ एवढंच म्हणेन. पण खोटं सांगा म्हणालात तर ते मला जमणार नाही. तुम्ही मोल्डिंगवरून वर आलेला माणूस आहात, लोक तुमचं ऐकतात ते त्या नात्यानं. ते नातं गेलं तर तुम्ही मालकांच्याही काही उपयोगाचे राहणार नाही, हे त्यांना नीट समजेल.

याच बैठकीत पातळ्या ठरवून घ्या. आकडे तुम्ही तुमचे घाला, मी नमुना देते. शेड्यूल १८० टनांच्या खाली आहे तोवर ओटी (ओव्हरटाइम) बंद, नवी भरती बंद. १४० च्या खाली गेलं तर सेकंड शिफ्ट बंद करून सगळ्यांना पाळीपाळीनं एका शिफ्टला घ्यायचं, कुणाला काढायचं नाही, आणि त्याच महिन्यापासून ऑफिसच्या वरच्या लोकांचीही पगारवाढ थांबवायची. सलग दोन महिने ११० च्या खाली राहिलं, तर माणसं कमी करण्याची चर्चा सुरू करायची, आणि ती कामगारांच्या दोन-तीन प्रतिनिधींना समोर बसवून. शेवटची पायरी बोलायला कुणालाच आवडणार नाही. थोरले तर म्हणतील, अभद्र कशाला बोलता. पण पायरी कुठं आहे हे कळलं की तिच्या अलीकडचे महिने माणूस निर्धास्त काम करतो. ती लपवली तर प्रत्येक महिना त्याला तोच महिना वाटतो.

कायद्याची बाजूही त्याच वेळी बघून ठेवा. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई हा त्याचा हक्क आहे. साधारण नियम शेवटी आलेला आधी जाणार असा. पाच वर्षं भरलेल्याची ग्रॅच्युइटी वेगळी. तुमच्या कंपनीचा लेबर कन्सल्टंट असेलच, त्याच्याकडून हिशेब करून घ्या. ती एकूण रक्कम कागदावर दिसली की नव्या लाइनच्या कर्जाकडेही थोरले वेगळ्या नजरेनं बघतील, असा माझा अंदाज आहे.

आता फ्लोअर. महिन्यातून दोन तारखा पक्क्या करा, समजा ५ आणि २०. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं, मोल्डिंग लाइनच्या बाजूला, उभ्या उभ्या. केबिनमध्ये पाच जणांना बोलावून ‘बाकीच्यांना सांगा’ असं नको. पाच तोंडांतून पाच बातम्या बाहेर येतात. सेकंड शिफ्टला त्याच दिवशी तेच शब्द, तुमच्याच तोंडून. यूपी-बिहारची पोरं असतील तर लगेच हिंदीतही सांगा, त्यांना शेजारच्याकडून अर्धवट कळू देऊ नका. बोलणं असं काहीसं असू द्या:

“मंडळी, गेल्या महिन्यात १६० टन होतं, या महिन्यात १५५ आहे. ओटी बंद आहे, ती बंदच राहील. १४० च्या खाली गेलं तर सेकंड शिफ्ट बंद होईल आणि सगळ्यांना पाळीनं फर्स्टला घेऊ. या महिन्यात तसं नाही. नव्या लाइनचं अजून ठरलेलं नाही, दिवाळीच्या बोनसआधी ठरणार आहे. कंपनी विकायची आहे का, हे मी मालकांना समोरासमोर विचारलं. नाही म्हणाले. कर्नाटकाचंही विचारलं. तसा विचार नाही म्हणाले. मला माहीत आहे ते एवढं. २० तारखेला मी परत इथंच उभा राहणार आहे, नवीन काही नसलं तरी.”

यातलं ‘म्हणाले’ गाळू नका. जे मालकांनी सांगितलं ते मालकांच्या नावावर राहू द्या, त्याची हमी तुम्ही घेऊ नका. आणि २० तारखेला सांगण्यासारखं काही नसलं तरी खरोखर उभे राहा. पहिल्या दोन-तीन वेळा लोक मान खाली घालून ऐकतील, कुणी प्रश्न विचारणार नाही. मग एखादा म्हातारा फेटलिंगवाला (ओतीव भाग घासून साफ करणारा) काहीतरी खोचक विचारेल. त्याचं उत्तर नीट द्या, कारण बाकीचे सगळे त्याच्या तोंडून विचारत असतात. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, ५ तारखेपर्यंत विचारून सांगतो’ म्हणा, आणि वहीत लिहा, सगळ्यांसमोर. ५ ला पहिलं उत्तर त्याच प्रश्नाचं द्या.

आकडा टाइम ऑफिसच्या फळ्यावर खडूनं लिहायलाही हरकत नाही: या महिन्याचं शेड्यूल आणि खाली तीन पातळ्या. मालक परवानगी देतील का, ते त्या बैठकीत कळेल. नाही दिली तर तोंडी सांगा.

एका बैठकीत टेबल मांडून त्यावर तुमचे आजचे दोन-तीन कास्टिंग ठेवा आणि शेजारी एक ब्रेक ड्रम, एक हब. ‘इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता फौंड्रीचं संपलं’ हे तुमच्याकडे कुणीतरी बोलतच असेल. लोकांच्या हातात पार्ट देऊन सांगा. इलेक्ट्रिक गाडीला धूरच नाही, तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागत नाही. फ्लायव्हील हाउसिंगही इंजिनासोबत जातं. पण तिला चाकं आहेत, ती थांबवायला लागते, तिचं वजन रस्त्यावर टेकतं. हब, ब्रेक आणि सस्पेन्शनचे पार्ट तिलाही हवेतच. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह यांची कास्टिंगही आहेत. ज्यानं उभं आयुष्य वाळूत घातलंय त्याला हे पाच मिनिटांत समजतं, आणि धाकटे मालक हबच्या मागं का लागलेत तेही समजतं. मात्र त्याआधी गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्याकडून शेड्यूल का घटलं ते नीट काढून घ्या. ते इलेक्ट्रिकमुळे घटलं की त्यांनी दुसऱ्या फौंड्रीला वाटून दिलं, की तुमच्या रिजेक्शनमुळे? तिन्ही रोग वेगळे, औषधं वेगळी. डिझेलचे ट्रक आणि ट्रॅक्टर उद्या सकाळी रस्त्यावरून नाहीसे होणार नाहीत. कारण दुसरंच असेल आणि आपण सगळं इलेक्ट्रिकवर ढकलत असलो, तर नवी लाइन टाकूनही तेच दुखणं राहील.

कोल्हापूरच्या यंत्रकारखानदारीनं असं वळण एकदा घेतलेलं आहे. शहरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीत एके काळी शेतीच्या पंपाची ऑइल इंजिनं बनत. गावोगाव वीज पोचली, विजेचे पंप आले आणि ऑइल इंजिनाची मागणी ओसरली. ज्यांनी मोटारीच्या सुट्या भागांचं काम धरलं त्यांच्या भट्ट्या पेटत्या राहिल्या. काहींच्या शेडला कुलूप लागलं. तुमच्या जुन्या लोकांपैकी कुणाच्या वडिलांनी ते पाहिलं असेल. त्यांना बोलतं करा. पण ही गोष्ट ‘तेव्हा निभावलं, आताही निभावेल’ अशी सांगू नका. कुलपंही सांगा.

ठेकेदाराच्या लोकांना या बैठकांतून वगळू नका. हे मी जरा जोरानं सांगते आहे, कारण बहुतेक ठिकाणी त्यांना बाजूला ठेवलं जातं. आपल्या पगारपत्रकावर नाहीत, मग आपण त्यांना काय सांगायचं, असा विचार होतो. काम कमी झालं की पहिला घाव त्यांच्यावर. तेव्हा पहिली बातमी त्यांना हवी. ‘१४० च्या खाली गेलं तर ठेक्याची माणसं कमी होतील’ असं असेल तर ते त्यांना महिनाभर आधी आणि तोंडावर सांगा. त्यातला एखादा उद्या दुसरीकडे लागला तर तुमचं फार बिघडत नाही. गेटवर ‘उद्यापासून येऊ नको’ ऐकावं लागलं तर त्याचं सगळं बिघडतं. आणि हे बाकीचे साठ जण बघत असतात. तुम्ही ठेक्याच्या पोराशी कसे वागलात, त्यावरून आपल्या वेळेला काय होणार ते ते ओळखतात.

मावशींकडे या पहिल्या बैठकीच्या आधी जा. सगळ्यांच्या देखत नको, कोअरशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत. म्हणा, “मावशी, त्या दिवशी मी काही होणार नाही म्हणालो, ते मला माहीत नसताना म्हणालो. खरं असं आहे की दिवाळीपर्यंत तुमच्या कामाला धक्का नाही असं मालक म्हणालेत. त्याच्या पुढचं अजून त्यांचंच ठरलेलं नाही. पोरीचं शिक्षण थांबवू नका, पण सगळे पैसे एकदम मोकळे करू नका.” दिवाळीचं वाक्य अर्थातच मालकांनी तसं कबूल केलं असेल तरच. आणि तिथंच थांबू नका, फीचं बघा. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कॅप (केंद्रीय प्रवेश) राउंडमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीची कागदपत्रं लागतात, ती तलाठी आणि तहसील कचेरीत वेळेत काढावी लागतात. मावशींना हे माहीत असेलच असं नाही. तुमच्या ऑफिसमधल्या एखाद्या मुलीला सांगा, जेवणाच्या सुट्टीत बसून फॉर्म भरून द्यायला. फी माफ झाली तर त्यांची शिल्लक हातात राहते, आणि नोकरीचं काहीही झालं तरी त्या तग धरतील.

हे मॅनेजरचं काम आहे का, असं कुणी म्हणेल. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, दुष्काळी कामं काढली, आणि त्या कामांवर येणाऱ्या बायकांच्या लहान पोरांना सांभाळायचीही सोय केली. खडी फोडणाऱ्या बाईचं अर्धं मन पोराकडे असतं, हे संस्थानच्या गादीवर बसलेल्या माणसाला दिसत होतं. तुमच्या हाताखाली सत्तरच लोक आहेत. प्रत्येकाचं जवळचं दुखणं वेगळं: कुणाचा घराचा हप्ता, कुणाची पतसंस्थेची उचल, कुणाच्या घरात दवाखाना. गाड्यांचं भवितव्य तुमच्या हातात नाही. हप्त्याचं आणि दाखल्याचं थोडं फार आहे.

एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून सांगते. काळजीत असलेला माणूस भट्टीजवळ धोक्याचा असतो, स्वतःला आणि दुसऱ्यालाही. खर्च कमी करायचा विषय निघाला की पोअरिंगवरचा (वितळलेलं लोखंड साच्यात ओतणारा) एक माणूस काढा, हातमोजे महिनाभर जास्त चालवा, लॅडलचं (ते ओतायच्या भांड्याचं) अस्तर पुढच्या आठवड्यात बघू, असलं काहीतरी पहिल्यांदा सुचतं. तिथं अजिबात हात लावू देऊ नका. लॅडल धरणाऱ्याचे डोळे तांबारलेले दिसले तर त्या दिवशी त्याला वाळूवर किंवा फेटलिंगला घाला, कारण न विचारता.

जाऊ म्हणणाऱ्याला अडवू नका. अनुभवाचा दाखला लगेच द्या, हिशेब वेळेत करा. चांगला मोल्डर चांगल्या मनानं गेला तर नवी लाइन आली की फोन करता येतो. राहिलेल्यांना रिकाम्या शिफ्टच्या दिवसांत दुसरं काम शिकवा. मोल्डरला इन्स्पेक्शन, कोअरवाल्याला पॅटर्नची देखभाल, आयटीआयच्या पोरांना इंडक्शन फर्नेसचं पॅनेल. नवी लाइन आली तर तीच माणसं लागतील. नाही आली तरी बाहेर त्यांचा भाव वाढलेला असेल.

तुमचं स्वतःचं. दुसरीकडे बघावं का, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, लाजत लिहिलंय. बघा. घर तुम्हालाही आहे, आणि हातात दुसरा पर्याय असलेला माणूस मालकांसमोर खरं बोलायला कचरत नाही. फक्त दोन गोष्टी पाळा. शोध चालू असेपर्यंत कुणालाही ‘थांब, जाऊ नको’ असा आग्रह करू नका. तुम्ही मागाहून गेलात तर तो माणूस फसवला गेला असं होतं. आणि ऑफर आली तर दिवाळीच्या निर्णयाच्या आठवड्यात राजीनामा ठेवू नका. आधी ठेवा किंवा नंतर, पुरेशी नोटीस देऊन, आणि ५ आणि २० तारखेची बैठक पुढे कोण घेणार ते मालकांकडून ठरवून घेऊन. ते नाव लोकांना शेवटच्या बैठकीत तुम्हीच सांगा, तो माणूस शेजारी उभा असताना.